दीड किलोच्या बाळाचं झबलं

आम्ही बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या कपड्यांविषयी बोलणार आहोत.

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंची सून आठव्या महिन्यातच बाळंत झाली. बाळ अवघं दीड किलोचं. घरात एकही कपडा तयार नव्हता, कारण जन्माआधी बाळाचं काही शिवू नये ही आपल्याकडची रीत. ताईंनी बाजारातून झबलं-टोपडं आणलं. झबल्यात बाळ हरवलं आणि टोपडं नाकावर आलं. आम्ही शाळेचे गणवेश शिवतो, पण एवढं लहान माप आमच्यापैकी कुणीच कापलं नव्हतं. त्या रात्री आम्ही तीनदा कापड कापलं, तेव्हा कुठे जमलं.

आता माप सांगतो, लिहून घ्या. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण साडेतेरा इंच असतो. दीड किलोच्या बाळाचा असतो अकरा इंचांच्या आसपास, आणि लांबी सोळा इंच. टोपडं त्या मापाचं, कान झाकणारं हवं. झबलं पुढून पूर्ण उघडणारं, कडेला बंद बांधायचं. डोक्यातून घालायचं नको, कारण दवाखान्यात बाळाला नळ्या, सुया लावलेल्या असतात. बटण नको, गळ्याशी नाडी नको. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, कातडी फार नाजूक असते. हातमोजे-पायमोजे उलटे करून आतले सुटे धागे कापा. धागा बोटाला गुंडाळला तर बोट सुजतं.

कापड कुठलं? धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी सगळ्यात चांगली. ती धुवा, कडक उन्हात वाळवा. पण ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेले कपडे बाळाला घालू नका. त्या वासाने काही बाळांना कावीळ वाढण्याचा धोका असतो.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. या बाळाच्या अंगावर चरबी कमी असते, ते स्वतःची ऊब धरू शकत नाही. कितीही कपडे घातले तरी आईच्या अंगाची ऊब त्यांतून मिळत नाही. म्हणून डॉक्टर कांगारू पद्धत सांगतात. बाळाला फक्त टोपडं, लंगोट आणि पायमोजे घालायचे, आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून साडीने बांधून घ्यायचं. दिवसातून जितके तास जमेल तितके. आई दमली तर बाबांनी घ्यावं, आजीने घ्यावं. आमच्या ताईंनीही घेतलं. आधी लाजल्या, मग सोडेनात.

बाळाला हात लावून बघा. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट पण तळपाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, तर वेळ घालवू नका. छातीशी धरूनच दवाखान्यात न्या, 108 ला फोन करा. आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्याकडून वजन करून घ्या आणि आंघोळ कधी घालायची तेही विचारा. घाई करू नका.

आता आमच्या गटाच्या पेटीत अशा कपड्यांची चार गाठोडी तयार असतात. ती कुणा एकीच्या बाळासाठी शिवलेली नसतात, म्हणून सासवांचीही हरकत नाही. रीतही राहिली, सोयही झाली. तुमच्या गटातही एक गाठोडं ठेवा. खर्च जवळपास नाहीच, एक संध्याकाळ पुरते.

त्या पहिल्या बाळाचं झबलं ताईंनी तीन महिन्यांनी धुऊन, घडी घालून आणून दिलं. म्हणाल्या, "घ्या, आता लहान होतंय."