यंत्रांची भाषा आणि मालकीचा प्रश्न



कारखान्यातील यंत्राविषयी समाजवादी चळवळीत पुष्कळ विचार झालेला आहे. यंत्र कोणाच्या मालकीचे, त्यावर कामगाराने किती तास राबायचे, त्यातून निर्माण होणारे वरकड मूल्य कोणाच्या पदरात पडायचे, हे प्रश्न कार्यकर्त्यांच्या परिचयाचे आहेत. परंतु यंत्रे परस्परांशी ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेचा विचार मात्र ‘ती तंत्रज्ञांची बाब’ असे म्हणून बाजूला ठेवला जातो. पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात किंवा नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये आज जे नवे स्वयंचलित यंत्र बसते, ते बहुधा एकटे नसते. ते तारेने दुसऱ्या यंत्रांशी जोडलेले असते. त्या तारेवरून काय जावे, केव्हा जावे आणि कोणत्या क्रमाने जावे, याचे नियम आधीच ठरून आलेले असतात. ते कोणी ठरवले, आणि ठरवताना कोणाला विचारले नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या तारेवरील व्यवस्थेचे नाव इथरनेट. तिचा जन्म कारखान्यात झाला नाही. १९७३ साली कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी ती कल्पना मांडली. तिची प्रेरणा हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी उभारलेल्या रेडिओजाळ्यातून आलेली होती. कल्पना साधी होती. तार सर्वांची एकच. ज्याला बोलायचे आहे त्याने तार शांत आहे की नाही ते ऐकावे आणि मग बोलावे. दोघे एकदम बोलले तर दोघांनीही थांबावे, वाटेल तितका अल्पकाळ वाट पाहावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. ही जणू अध्यक्ष नसलेली सभा होती. १९८० मध्ये तीन अमेरिकी कंपन्यांनी तिचे नियम छापून खुले केले आणि १९८३ मध्ये ते अभियंत्यांच्या संस्थेचे मानक झाले. नियम खुले असल्याने कोणीही कारखानदार त्यानुसार उपकरण बनवू शकत होता. उत्पादन वाढले, किंमत उतरली आणि इथरनेट जगभर पसरले. सामायिक ठेवलेल्या वस्तूची भरभराट होते, याचे हे अलीकडच्या काळातील ठळक उदाहरण आहे.

मात्र कार्यालयाची गरज वेगळी आणि यंत्राची वेगळी. कार्यालयातील पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा पोहोचले तर कोणाचे काही बिघडत नाही. वृत्तपत्र छापणाऱ्या रोटरी यंत्राचे तसे नसते. आधुनिक रोटरीत प्रत्येक रुळाला स्वतंत्र मोटर असते आणि सर्व मोटरी एका लयीत फिरवाव्या लागतात. कागद सेकंदाला १० मीटर वेगाने धावत असेल, तर एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, तो १० मिलिमीटर पुढे जातो. एका मोटरीला आज्ञा तेवढ्याच उशिराने मिळाली तरी लाल रंग काळ्याच्या जागी पडतो. येथे हवी असते ती केवळ शीघ्रता नव्हे, तर निश्चिती. आज्ञा ठरलेल्या क्षणी पोहोचली पाहिजे आणि त्या क्षणातील चूक मायक्रोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या, आसपास राहिली पाहिजे. अध्यक्षाविना चालणाऱ्या सभेत अशी हमी देता येत नाही. पुढे स्विच आले, प्रत्येक उपकरणाला जाण्या-येण्याचा स्वतंत्र मार्ग मिळाला आणि टकरी संपल्या. पण रांग उरली. सेकंदाला १० कोटी बिट वाहणाऱ्या तारेवर सर्वांत मोठे इथरनेट पाकीट पार होण्यास सुमारे १२२ मायक्रोसेकंद लागतात. तातडीची आज्ञा तोवर त्याच्या मागे तिष्ठत राहते.

ही अडचण खरी होती, आणि ती सोडवताना अभियंत्यांनी दाखवलेली कल्पकता नाकारण्याचे कारण नाही. जर्मनीतील बेकहॉफ कंपनीने २००३ मध्ये इथरकॅट पुढे आणले. त्यात पाकीट आगगाडीसारखे एकेका उपकरणातून न थांबता जाते. प्रत्येक उपकरण धावत्या गाडीतून आपला माल उतरवून घेते आणि आपला माल चढवते. ऑस्ट्रियातील बी अँड आर कंपनीच्या २००१ मधील पॉवरलिंकमध्ये सभेला अध्यक्ष मिळाला. तो ज्याचे नाव पुकारील त्यानेच बोलायचे. सीमेन्स कंपनीचा भर असलेल्या प्रोफिनेटच्या एका प्रकारात तातडीच्या आज्ञांसाठी काळाचा तुकडा राखून ठेवलेला असतो. अमेरिकेतील रॉकवेलचा मार्ग आणखी निराळा. चीनने झेजियांग विद्यापीठाच्या साहाय्याने स्वतःची पद्धत उभी केली आणि आंतरराष्ट्रीय मानकात तिला जागा मिळवली.

परिणाम काय झाला? प्लग एकच, तार बहुधा एकच, पण एका पद्धतीच्या उपकरणाला दुसऱ्या पद्धतीचे बोलणे कळेना. या कलहाला पूर्वेतिहास आहे. इथरनेट कारखान्यात येण्यापूर्वीही यंत्रे जोडण्याच्या अनेक पद्धती होत्या. १९८७ मध्ये जर्मनीत एकवीस कंपन्या व संस्थांनी सरकारी साहाय्याने प्रोफिबसचा उपक्रम हाती घेतला. फ्रान्सने स्वतःची पद्धत काढली. अमेरिकी कंपन्यांनी आपापल्या काढल्या. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग एकच मानक ठरवण्यासाठी झटत होता. सुमारे पंधरा वर्षांच्या भांडणानंतर जो तोडगा निघाला, त्यात परस्परांशी न जुळणाऱ्या आठ पद्धतींना एकाच मानकाच्या पोटात जागा देण्यात आली. २००७ मध्ये इथरनेटवरील पद्धतींच्या बाबतीत हाच प्रकार पुन्हा घडला. प्रत्येक बड्या कंपनीने मानकाचे नाव घेतले आणि आपले कुंपणही राखले.

मिरज जंक्शनचे जुने दिवस ज्यांना आठवतात त्यांना याचा अर्थ लगेच उमगेल. तेथे ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तीन रूळ एकत्र येत. रेल्वे एकाच देशाची, पण एका डब्यातील माल उतरवून दुसऱ्यात चढवल्यावाचून पुढे जात नसे. आजच्या कारखान्यात हीच हमाली ‘गेटवे’ नावाचे उपकरण करते, आणि त्या हमालीचे पैसे मोजावे लागतात. फरक इतकाच की मिरजेचे रूळ सार्वजनिक मालकीचे असल्याने अखेर एका मापाचे करता आले. यंत्रांच्या भाषेची मापे मात्र स्पर्धक कंपन्यांच्या हाती आहेत, आणि ती एक न करण्यात त्यांचा फायदा आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा मक्तेदारीचा सौम्य दिसणारा प्रकार आहे. यंत्र विकत घेताना स्पर्धा असते. घेतल्यानंतर ती संपते. यंत्र पंधरा-वीस वर्षे चालते. त्या काळात लागणारा सुटा भाग, सॉफ्टवेअरचा परवाना, कामगारांचे प्रशिक्षण हे सारे त्याच भाषेतून घ्यावे लागते. बडा कारखाना पुरवठादाराशी घासाघीस करू शकतो. भोसरीतील दहा कामगारांच्या वर्कशॉपला ते शक्य नाही. त्याची एक ड्राइव्ह बिघडली, तर बाजारात स्वस्त ड्राइव्ह असूनही ती त्याच्या यंत्राशी बोलत नाही. हा वाढीव खर्च अखेरीस कोणाच्या मजुरीतून वसूल होतो, हे या श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

येथवर मालकीचा विचार झाला. दुसरा प्रश्न काळाचा आहे. ही यंत्रे एका लयीत चालण्यासाठी त्यांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. २००२ मध्ये त्यासाठीही मानक तयार झाले. त्यामुळे कोणते यंत्र कोणत्या क्षणी थांबले आणि किती वेळ थांबले, याची अचूक नोंद होऊ शकते. ज्या तारेवरून मोटरीला आज्ञा जाते, त्याच तारेवरून ही नोंद व्यवस्थापकाच्या पडद्यावर येऊ शकते. टेलरच्या माणसाला स्टॉपवॉच घेऊन कामगारामागे उभे राहावे लागत असे. १९११ मध्ये अमेरिकेतील वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रागारात या स्टॉपवॉचविरुद्ध ओतारी कामगारांनी संप केला, आणि पुढे काही वर्षांतच सरकारी शस्त्रागारांत त्याच्या वापराला अमेरिकी संसदेने मनाई केली. आजचे स्टॉपवॉच डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याविरुद्ध संप होत नाही.

याचा अर्थ तार कापून टाकावी असा नव्हे. यंत्रविरोध हा समाजवाद नव्हे. ज्या जाळ्यातून आज्ञा जातात त्याच जाळ्यातून सुरक्षेचा संदेशही जातो: प्रकाशाच्या पडद्यात कामगाराचा हात आला की यंत्र तत्क्षणी थांबवण्याची व्यवस्था या पद्धतींत करता येते. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेला कामगार ज्याने पाहिला आहे, तो या सोयीला क्षुल्लक म्हणणार नाही. प्रश्न असा, की तीच तार हात वाचवण्यासाठी आधी वापरायची की हाताचे सेकंद मोजण्यासाठी, हे ठरवणार कोण?

जर्मनीत या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलेले आहे. १९७२ च्या कारखाना-संविधान कायद्याच्या ८७ व्या कलमानुसार कामगारांच्या वर्तनावर वा कामगिरीवर देखरेख करू शकणारे तांत्रिक साधन बसवायचे असेल, तर कामगारांच्या निवडलेल्या मंडळाची संमती लागते. बेकहॉफ आणि सीमेन्स यांच्या मायदेशातील हा नियम आहे. त्यांची यंत्रणा महाराष्ट्रात आली. तिच्याबरोबरचा हा कायदा आला नाही. भारतात १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात एक तरतूद होती: यंत्रसामग्रीतील ज्या सुधारणेमुळे कामगारकपात संभवते तिची पूर्वसूचना मालकाने दिली पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही ती राखली आहे. पण ती सूचनेपुरती आहे, संमतीची नव्हे; आणि कपात न होता केवळ देखरेख वाढली, तर या तरतुदीचा उपयोग नाही.

मग कर्तव्य कोणते? पहिले, सार्वजनिक पैशाने होणाऱ्या खरेदीत, मग ती रेल्वेच्या कारखान्यांची असो वा शस्त्रास्त्र कारखान्यांची, खुल्या मानकाची अट घालण्याची मागणी चळवळीने केली पाहिजे. अभियंत्यांच्या संस्थेने २०१२ पासून कालनिष्ठ इथरनेटचे सामायिक नियम आखले आहेत. घड्याळाबरहुकूम उघडणाऱ्या-मिटणाऱ्या दारांनी तातडीच्या आज्ञेला वाट राखून देण्याचा नियम त्यांत आहे. भाषेचे वरचे थर त्याने एक होत नाहीत, तरी पाया सामायिक होतो. हे भारताला झेपणार नाही असे कोणी म्हणेल, तर १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी टेलिफोन एक्स्चेंज येथेच घडवले, याचे स्मरण द्यावे. दुसरे, आय.टी.आय.मधील मुलाला एका कंपनीची बटणे दाबायला नव्हे, तर तारेवरील भाषेची तत्त्वे शिकवली पाहिजेत; पासवर्ड ज्याच्या हाती तोच यंत्राचा खरा मालक ठरतो. तिसरे, कामगार संघटनांनी वेतनकरारात नवे कलम घातले पाहिजे: जाळ्यातून कोणती नोंद घेतली जाते, ती कोण पाहतो, आणि शिक्षेसाठी तिचा वापर होणार नाही याची लेखी हमी. ही हमी कंत्राटी कामगारालाही लागू असली पाहिजे, कारण आज यंत्रापाशी उभा असतो तो पुष्कळदा तोच.

यंत्रांनी आपसांत कसे बोलावे याचा करार झालेला आहे. त्यावर कंपन्यांच्या सह्या आहेत, सरकारांच्याही आहेत. त्या यंत्रापाशी आठ तास उभे राहणाऱ्याची सही मात्र त्यावर नाही. ती व्हावी म्हणून प्रत्येक कारखान्याच्या दारावर हा प्रश्न नेणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.