पंचवीस हजारांत काय होतं?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



2023 च्या सप्टेंबरात मराठा आरक्षणाच्या प्रश्नात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणारी माणसं अचानक सगळ्यांना हवीशी झाली. तहसील कचेऱ्यांतून कोतवाल बुकं निघाली, शाळांतून प्रवेश-निर्गमाच्या नोंदी निघाल्या, निजामाच्या काळातले फारसी-उर्दू कागद निघाले. आरक्षणाबद्दल इथे बसलेल्यांची मतं वेगवेगळी असतील, तो आजचा विषय नाही. मला या शोधातली एवढीच गोष्ट घ्यायची आहे की पणजोबांचं नाव सांगणारा कागद पुष्कळदा असतो, पण तो वाचणारा माणूस नसतो; आणि माणूस मिळेपर्यंत कागदाला वाळवी लागलेली असते.

म्हणून मी आज लहान अनुदानांची बाजू मांडायला उभा आहे. पंचवीस हजार, फार तर पन्नास हजार रुपये. एका माणसाला, एका घराचे किंवा एका गावाचे कागद वाचून जपण्यासाठी, वर्षभराच्या मुदतीने.

मराठ्यांच्या इतिहासाची साधनं आपल्याला मिळाली तीच मुळी अशा एकेकट्या माणसांमुळे. खरेशास्त्री मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवत होते. पटवर्धनांचं दप्तर चाळून त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे ते गावोगाव हिंडत, हाताने रांधून खात, लोकांच्या माळ्यांवरून दप्तरं उतरवत राहिले. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. पण घरोघरच्या कागदांपर्यंत पोचायला संस्थेलाही शेवटी माणूसच पाठवावा लागतो, आणि त्याच्या एस.टी.चं भाडं, दोन वेळचं जेवण आणि बुडालेला रोजगार कुणीतरी भरून द्यावा लागतो. राजवाड्यांच्या त्यागाचं कौतुक आपण शंभर वर्षं करतो आहोत. त्या त्यागावरच काम चालावं ही अपेक्षा मात्र मला अन्यायाची वाटते.

आता वंशावळींकडे येऊ. कुलवृत्तांत छापण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पण कपाटातले कुलवृत्तांत काढून पाहा, बहुतेक कोकणातल्या आणि देशावरच्या ब्राह्मण घराण्यांचे आहेत. त्या घरांत लिहिणारे होते, वर्गणी देणारे होते, म्हणून ते झाले. कुंभाराचं, न्हाव्याचं, महाराचं घराणं काही कालपरवा सुरू झालेलं नाही. त्याचा कागद दुसऱ्याच्या घरी आहे. वतनाच्या वादात गोतसभा बसली की महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, व्हायचा, आणि त्यावर गावातल्या बलुतेदारांची साक्ष पडायची. अक्षर येत नसलेला आपली निशाणी करायचा. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, न्हाव्याचा आरसा, महाराचा दोर. शेजारी कारकुनाने त्याचं नाव आणि पुष्कळदा बापाचंही नाव लिहिलेलं असतं. देशमुखांच्या वाड्यातला एक महजर नीट वाचला तर गावातल्या दहा-बारा घरांचे पूर्वज नावानिशी सापडू शकतात. वाडेवाल्याला त्यात फक्त आपलं वतन दिसतं. म्हणून माझं म्हणणं आहे की अनुदान घेणाऱ्याने महजरातलं प्रत्येक नाव उतरवलं पाहिजे, मालकाच्या घराण्यापुरतं थांबता कामा नये.

सांगली-सोलापूरकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी फिरतात. सुगी झाली की येतात, शेतकऱ्याच्या दारात बसून त्याच्या घराण्याच्या पिढ्या म्हणतात, नव्या जन्मांची आपल्या चोपडीत नोंद करून घेतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जातात. त्यांची मुलं आता दुसऱ्या कामधंद्याला लागली आहेत. ती चोपडी गेली तर तिची दुसरी प्रत कुठल्याही पुरालेखागारात मिळणार नाही.

प्रत्यक्ष काम काय असतं? दप्तराचा रुमाल सोडला की आत घडी घातलेले कागद निघतात, घडीवरच फाटलेले. हातकागदावर काजळाच्या शाईने लिहिलेला अडीचशे वर्षांपूर्वीचा मजकूर आजही काळाभोर दिसतो. त्यानंतरचा गिरणीचा कागद मात्र आम्लामुळे पिवळा पडून बोटांत चुरतो. लोक प्रेमापोटी जे करतात ते या कागदांच्या मुळावर येतं. वंशावळ लॅमिनेट करतात, फाटलं तिथे चिकटपट्टी लावतात. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन तर धडपणे निघतच नाही. त्याऐवजी मऊ ब्रशने धूळ झाडावी, घडी सावकाश उलगडावी, फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू गव्हाच्या खळीने लावावा. ही खळी पुढे कधीही ओलाव्याने सोडवता येते. मग पानांचे क्रमाने फोटो घ्यावेत आणि कागद आम्लरहित वेष्टनात घालून ओल्या भिंतीपासून दूर ठेवावेत. टिश्यू, खोकी, कॅमेऱ्याचा स्टँड, हार्ड डिस्क याला फार पैसे लागत नाहीत. मोठा खर्च मोडी वाचणाऱ्याच्या मानधनाचा. त्यात काटकसर करू नये.

ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातील दस्तऐवजांसाठीचा अनुदान कार्यक्रम 2004 पासून चालू आहे. त्याचा एक नियम आपण जसाच्या तसा घ्यावा: मूळ कागद देशाबाहेर जात नाही. मी त्याही पुढे जाऊन म्हणेन, मूळ कागद घराबाहेरही जाऊ नये, घरच्यांची तशी इच्छा असल्याशिवाय. ‘वाचायला नेतो’ म्हणून नेलेली दप्तरं परत न आल्याच्या तक्रारी मी गावोगाव ऐकल्या आहेत. एक प्रत घरात, एक गावच्या वाचनालयात, एक पुण्याच्या मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे मंडळात, एवढं पुरे.

अशा नोंदींनी काय होतं ते मॉरिशसला विचारा. कोकणातून, साताऱ्याकडून तिकडे मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. मजुराचा क्रमांक, नाव, बापाचं नाव, गाव. त्या नोंदवहीवरून तिथली आजची पिढी आपलं मूळ शोधते. तिला इकडच्या बाजूने उत्तर द्यायचं तर कोकणातल्या गावचे कागद जागेवर हवेत.

दोन अटी मात्र सोडू नयेत. जुन्या वंशावळींत मुलींची नावं नसतात. अनुदानातून होणाऱ्या वंशावळीत त्या असल्या पाहिजेत, लग्न होऊन गेल्या तरी. दुसरी अट, दत्तक, घटस्फोट, कर्ज, भावकीचे तंटे असं हयात माणसांना लागणारं काही असेल तर घरच्यांच्या लेखी संमतीशिवाय ते उघड करू नये.

अर्ज एका पानाचा असावा, मराठीत. ज्याला लिहिता येत नाही त्याचा तोंडी घ्यावा. या व्याख्यानमालेच्या शिलकीतून दरवर्षी अशी दोन अनुदानं देता येतील का, हे समितीने ठरवावं. पहिल्या अनुदानासाठी, हेळव्याच्या एखाद्या चोपडीसाठी, माझं आजचं मानधन मी चिटणिसांकडे ठेवून जातो आहे.