नावांचा मक्ता



एकाधिकार म्हणजे काय, हे या मुलखाला सांगावयास नको. १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार सरकारच्या हाती गेला, तो आपण पाहिला आहे. आजचा विषय मात्र इंटरनेटवरील नावांचा. ‘डॉट इन’ व ‘डॉट भारत’ या नावांची मूळ वही ‘निक्सी’ या एकाच संस्थेकडे असते. वही एकच हवी. दोन झाल्या तर एका नावाचे दोन धनी व्हावयाचे. तेव्हा मक्ता मोडू नये, त्याला वेसण घालावी. २००५ पासून नोंदणीचे काम अनेक विक्रेत्यांकडे गेले, हे योग्यच झाले. पण विक्रेता बदलता येतो, वही बदलता येत नाही. आणि नावावरून तंटा उपजला, तर लवाद नेमणार वही राखणाराच! वडशाच्या दुकानदाराने मग दाद कोठे मागावी? दर उघड असावेत, वाढीचे कारण सांगितले जावे आणि लवाद नेमणारा हात निराळा असावा. एवढे झाले, तर मक्ताही लोकांचा चाकर होईल.