भाजी कुठून आणली, ते लिहा

(केडगाव येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण. बोलले ते नंतर आठवून लिहून काढले आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी भाकऱ्या थापत होते. म्हटलं, हात पिठात आहेत आणि डोक्यात काहीच नाही, काय बोलू? आमच्या मामी म्हणाल्या, "मंग भाकरीवरच बोल की." म्हणून भाकरीवर आणि तिच्याबरोबरच्या भाजीवर बोलते.

काल आम्ही अकोल्याकडची माणसं शंभरावर किलोमीटर एस.टी.त बसून इथं केडगावला आलो. पिशवीत कुर्डूच्या जुड्या होत्या. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, "शेळीला नेता का?" मी म्हटलं, "न्हाई बाई, मलाच." ती बिचारी गप्प बसली. रात्री तीन दगड मांडून भाजी फोडणीला टाकली. लसणाचा वास सुटला तशी शेजारच्या घरातली आजी वाटी घेऊन आली. म्हणाली, "माझी आई करायची गं ही. इथं मिळत न्हाई." म्हणजे शहराच्या जिभेलासुद्धा रान आठवतं. रान मात्र आपल्याकडं राहिलंय.

मग राहुरी, पारनेरकडून आलेल्या भिल्ल बहिणी आणि आमच्या ठाकर, महादेव कोळी बाया यांचं भांडण जुंपलं. भाजी उकडून पिळायची का तशीच परतायची? रात्री अकरापर्यंत निकाल लागला नाही. एवढी चर्चा आपण ग्रामसभेत केली असती तर निम्मे दावे मंजूर झाले असते. हसू नका, खरंच सांगते.

आता माझी लाजेची गोष्ट. मी आश्रमशाळेत शिकले, मग बारावी केली. सुट्टीहून येताना आजी फडक्यात नागलीची भाकर आणि चाईच्या मोहोराची भाजी बांधून द्यायची. मी ती पेटीत लपवायची. मेसच्या डाळीत डाळ शोधावी लागायची, तरी ती डाळ म्हणजे सुधारलेलं जेवण आणि आजीची भाजी म्हणजे गरिबी, असं डोक्यात बसलं होतं. ते कुणी बसवलं, कधी बसवलं, कळलंही नाही.

त्याच आजीला घेऊन आम्ही दाव्याच्या कामाला एका कचेरीत गेलो होतो. साहेब म्हणाले, "जंगल तुम्ही वापरता याला पुरावा काय? कागद दाखवा." आजी म्हणाली, "कागद न्हाई. पर जल्मभर तिथलंच खाल्लंय. माझ्या पोटाला इचार." सगळी कचेरी हसली. आम्हीपण हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते, कारण तिथं कायद्याचं बोलली ती एकटी आजीच.

कसं ते सांगते. वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे, त्यांत दुरुस्ती झाली २०१२ ला. कलम ३ म्हणतं, परंपरेनं गोळा करत आलेलं गौण वनोपज आपल्या मालकीचं आहे. ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क आपला आहे. गौण वनोपज म्हणजे नुसता डिंक आणि तेंदूपाने नव्हेत. मध, औषधी वनस्पती, मुळं, कंद हे सगळं त्यात आलं. आणि नियम १३ काढून बघा. सामूहिक वनसंसाधनाच्या दाव्याला कोणते पुरावे चालतात, त्या यादीत लिहिलंय : कंदमुळं, चारा, खायची रानफळं आणि इतर वनोपज गोळा करण्याच्या जागा. पाण्याच्या जागा, गुरं चारायच्या जागा, देवाची झाडं, देवराई हेही आहे. त्याच नियमात म्हाताऱ्या माणसांचा लेखी घेतलेला जबाबसुद्धा पुरावा आहे. फक्त तो माणूस स्वतः दावेदार नसावा, एवढंच. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. अमुकच कागद आणा असा हट्ट वरच्या समितीनं धरायचा नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत आहे. आणि कुणी म्हणालं की हे अभयारण्य आहे, इथं हक्क नाही, तर सांगा की कायद्यानं वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्यसुद्धा धरलंय. आपल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या लोकांनी हे पाठच करावं.

म्हणजे आजीचं कालवण हाच दस्तऐवज आहे. आपण तो रोज खातो आणि भांडं घासून टाकतो. लिहीत मात्र नाही.

आजीला भाजी कशी करायची विचारलं तर ती मीठमिरचीपासून सुरू करत नाही. ती जागेपासून सुरू करते. "पहिल्या पावसानंतर उंबराच्या वहाळाच्या वरल्या अंगाला जा, तिथला कवळा पाला खुड, मूळ उपटू नको." यात महिना आला, जागा आली, जंगल राखायचा नियमसुद्धा आला. वहीत नीट उतरवलं तर नकाशाच तयार होतो.

कडूकंदाचं घ्या. नुसता उकडून खाल्ला तर माणूस दुखणं ओढवून घेतो. त्याच्या चकत्या करायच्या, राखेत उकडायच्या, टोपलीत घालून वाहत्या पाण्यात ठेवायच्या, कडूपणा जाईपर्यंत. हे एका दिवसात कुणाला सुचलेलं नाही. ज्यांच्या कितीतरी पिढ्या त्या कड्याखाली, त्या वहाळाशी राहिल्या, त्यांनाच ते माहीत असणार. रानअळूला चिंच लागते हेही तसंच. आमच्या दोन शहरी पाहुण्यांनी चिंचेशिवाय अळू शिजवलं आणि रात्रभर घसा धरून बसले. त्यांचा पुरावा लगेच मिळाला!

आपल्या तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी घरात गावठी बियाणं जपलं आणि २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. अभिमानच आहे. पण वालाचं बी गाडग्यात राहतं, काळभाताचं कणगीत राहतं. चाईचं, भारंगीचं, करटुल्याचं बी कुठं राहणार? त्यांची कणगी म्हणजे जंगल. ती कणगी आपल्या ताब्यात नसेल तर भाजी फक्त महोत्सवात दिसेल. ९ ऑगस्टच्या सुमाराला सरकार रानभाजी महोत्सव भरवतं, बरं करतं. पण ताटात आली की महोत्सव आणि खुडायला गेलं की गुन्हा, असं कसं चालेल?

शेवटचं सांगते. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या आजींना कडूकंदाच्या सगळ्या जागा ठाऊक होत्या. त्यांचा जबाब घेऊ, घेऊ म्हणत आम्ही दोन पावसाळे घालवले. तिसऱ्याला त्या राहिल्या नाहीत. त्यांच्या संगं किती जागा गेल्या, मोजता येत नाही. ही चूक कुठल्या साहेबाची नाही, माझी आहे.

म्हणून घरी गेल्यावर शंभर पानांची एक वही घ्या. पानावर पाच रकाने आखा : भाजी किंवा कंदाचं नाव, जागेचं नाव, महिना, कोण आणतं, कसं खातात. म्हाताऱ्यांना चुलीपाशी बसवून विचारा, मग जमेल तितकं त्यांच्याबरोबर त्या जागेवर चालून या. त्यांचा जबाब लिहा, वाचून दाखवा, अंगठा घ्या. मग ग्रामसभेत वही वाचा. सभेला निम्मी माणसं लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात, हे विसरू नका. खरं तर या सभेला बायाच जास्त बोलतील. बापयांनी त्या दिवशी भाकऱ्या थापाव्यात. करपल्या तरी आम्ही खाऊ.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं वही आणायची. आणि एक जुडी भाजीसुद्धा. उकडायची का परतायची, तो निकाल अजून बाकी आहे.

जिंदाबाद!