सहाच्या तीन पायऱ्या
सांडपाणी शुद्ध केले की कारखान्याचे कर्तव्य संपले, असे मानतात. पण कचरा आधी निर्माण करायचा आणि मग निस्तरायचा, हा उफराटाच व्यवहार. वेदनाशामक आयबुप्रोफेन पाहा. ब्रिटनच्या बूट्स कंपनीची १९६०च्या दशकातली पद्धत सहा पायऱ्यांची. कच्च्या मालातले वजनाने जेमतेम ४० टक्के अणू औषधात उतरत. १९९२ साली टेक्सासमधल्या बिशप येथे तीन पायऱ्यांची पद्धत सुरू झाली आणि हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेले. नवा कारखाना महाग पडतो, हे खरे. पण वाया गेलेला मालही विकतच घेतलेला असतो, आणि तो टाकायलाही पैसे लागतात! जुन्या पद्धतीतल्या ॲल्युमिनियम क्लोराईडचा शेवटी कचराच होई. नव्यातले हायड्रोजन फ्लोराईड पुन्हा पुन्हा वापरता येते. ते अतिशय घातक, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणूनच ते बंदिस्त यंत्रणेतच फिरवावे लागते.