ढाक्यातील बसगाड्यांची चढाओढ



बसचालक बेफाम गाडी हाकू लागला की आपण त्याच्या स्वभावास दोष देऊन मोकळे होतो. बांगलादेशाच्या राजधानीची, ढाका शहराची, हकीकत ऐकली म्हणजे या दोषाचे मूळ अन्यत्रही असू शकते, हे ध्यानी येते.

२९ जुलै २०१८ रोजी तेथील विमानतळ मार्गावर एकाच कंपनीच्या बसगाड्या उतारू मिळविण्यासाठी परस्परांशी शर्यत करीत धावत होत्या. त्यांतील एक गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या अंगावर गेली. एक मुलगा व एक मुलगी गतप्राण झाली.

ही शर्यत कशासाठी? तेथील पुष्कळ चालकांना मासिक वेतन नसे. मालकास रोज ठरलेली रक्कम द्यावयाची, तेलाचा खर्च भागवावयाचा, आणि उरेल ते चालकाने व त्याच्या मदतनिसाने वाटून घ्यावयाचे, असा ठेका. मग थांब्यावरचा प्रत्येक उतारू म्हणजे भाताचा एक घास होतो. दुसरी गाडी आधी पोचली की तो घास गेला! म्हणून गाडी आडवी घालून मागच्याची वाट अडवावयाची, धावत्या गाडीतूनच माणसे उतरवावयाची. आम्ही हे क्षम्य मानीत नाही. पण केवळ उर्मटपणाही म्हणवत नाही.

आदल्याच दिवशी आपल्या आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील मंडळींची बस दरीत कोसळून ३० जण दगावले होते. तेथील एका मंत्रिमहोदयांनी (हेच वाहतूक कामगार महासंघाचे कार्याध्यक्षही होते) हसतमुखाने त्याच अपघाताचा दाखला देऊन, महाराष्ट्रात याचा एवढा गवगवा होतो काय, अशा अर्थाचा सवाल केला. आपल्या घरच्या शोकाचा असा उपयोग झालेला वाचून आम्हांस विषाद वाटला.

मुले मात्र खवळली. गणवेशातील मुलेमुली पाठीवर दप्तरे घेऊन कित्येक दिवस चौकाचौकांत उभी राहिली. त्यांनी चालकांचे परवाने तपासले, पोलिसांच्या गाड्याही सोडल्या नाहीत, रिक्षा एका रांगेत लावल्या, रुग्णवाहिकेस वाट मोकळी ठेवली. जन्मभर शाळेत रांगा लावून घेणाऱ्या आमच्यासारख्यास ते वाचून काय वाटले असेल, हे आपण जाणालच. पुढे त्यांच्यावर अश्रुधूर सोडण्यात आला.

ऑगस्टमध्ये मालकसंघटनेने ठेक्याची पद्धत बंद केल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये संसदेने नवा कायदाही संमत केला. तरी १९ मार्च २०१९ रोजी त्याच शहरात आणखी एक विद्यार्थी बसखाली गेला. पहिल्या अपघाताचा निकाल १ डिसेंबर २०१९ रोजी लागला. दोन चालक व एक मदतनीस यांस जन्मठेप झाली. एक मालक निर्दोष सुटला.