मुलांची पोटदुखी आणि घरच्या घरी आत्मसंमोहन

(मंडळाच्या अमळनेर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विषयाचे नाव ऐकून काहींच्या मुद्रेवर स्मित उमटलेले मला येथून दिसते आहे. संमोहन म्हटले की रंगमंचावरील जादूगारच डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु मी सांगणार आहे त्यात कोणी कोणावर मोहिनी घालीत नाही. मूल स्वतःच स्वतःस शांत करावयास शिकते.

प्रथम माझा अपराध सांगतो. माझा नातू दहा वर्षांचा असताना शाळेच्या वेळी पोट धरून बसे. हिंगाचा लेप झाला, ओवा झाला, दृष्ट काढून झाली. रक्त, लघवी, शौच, सोनोग्राफी या तपासण्यांतही काही निघाले नाही. तेव्हा मी निवाडा दिला, "पोरगा सोंग करतो!" आणि दंड धरून त्यास शाळेच्या फाटकापर्यंत नेले. ज्या गावी साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात शिकविले, छात्रालयातील मुलांस आईची माया दिली, त्या गावच्या आजोबाने हे करावे! त्याची त्या वेळची नजर मी विसरलेलो नाही.

ते सोंग नव्हते. इंग्लंडातील डॉ. ॲप्ली व डॉ. नेश यांनी हजार शाळकरी मुलांची पाहणी १९५८ साली प्रसिद्ध केली. त्यांत सुमारे दहांत एकास वारंवार पोटदुखी आढळली, आणि बहुतेकांत शारीरिक विकार सापडला नाही. आतडी आणि मेंदू यांमधील मज्जातंतूंची जाणीव अशा मुलांत तीव्र झालेली असते. अन्न पुढे सरकण्याची साधी हालचालही त्यांस दुखते.

नेदरलँड्समध्ये ८ ते १८ वर्षांच्या २६० मुलांवर झालेला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांस तज्ज्ञाने समक्ष संमोहनोपचार दिले; निम्म्यांनी तीन महिने घरीच ध्वनिमुद्रिका ऐकून अभ्यास केला. वर्षानंतर पहिल्या गटातील ७१ टक्के व दुसऱ्यातील ६२ टक्के मुलांची वेदना निम्म्याने वा अधिक उणावली होती. घरचा उपाय किंचित मागे राहिला, हे मी लपवीत नाही. पण खेडोपाडी असा तज्ज्ञ आणावा कोठून?

मात्र आधी डॉक्टर! शौचातून रक्त, घटते वजन, खुंटलेली वाढ, ताप, वारंवार उलट्या, झोपेतून उठविणारी किंवा उजव्या कुशीत खाली होणारी वेदना, यांपैकी काहीही असेल तर हा मार्ग नव्हे.

आमच्या घरी रात्री निजण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून निदान पाच दिवस, हा अभ्यास चाले. मुलाने उताणे पडावे, डोळे मिटावे, श्वास संथ सोडावा, स्वतःचा उबदार तळवा पोटावर ठेवावा. सूनबाई हलक्या स्वरात बोलत. पुढे तोच आवाज मोबाइलवर मुद्रित केला. चित्र मुलाने स्वतः निवडावे. आमच्या नातवाने बोरी नदी निवडली: गढूळ पाणी हळूहळू निवळते आहे, तळाची वाळू दिसू लागली आहे. "दुखणार नाही" अशी आज्ञा करू नये. दिवसभर "दुखते का रे?" असे विचारणेही आम्ही सोडले, मला ते सर्वांत अवघड गेले. शाळा मात्र बुडू दिली नाही.

तीन महिन्यांनी सकाळचे रडणे थांबले. मी त्याची क्षमा मागितली. "असू द्या, आबा," एवढेच तो म्हणाला. अजून कधीमधी त्याचे पोट दुखते. मग तो आतल्या खोलीचे दार लोटून घेतो, आणि आम्ही टीव्हीचा आवाज कमी करतो.